पुढच्या डाव्या चाकातली चीर

मला एका जागी बसून बोलायची सवय नाही. सगळा जन्म गरगर फिरण्यात गेला, त्यामुळे माझं बोलणं जरा घाईचं वाटेल, मधेच भरकटेलही. सांभाळून घ्या. मी एका पांढऱ्या मोटारीचं पुढचं डावं चाक. साधं लोखंडी नव्हे हं, अलॉयचं. वजनाने हलकं, दिसायला देखणं, आणि स्वभावाने जन्मापासून अस्वस्थ.

जन्म कारखान्यातला. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात खालून वर चढलं, निवलं, साचा उघडला आणि मी बाहेर आलो. पाच आरे, मधे भोक, भोवती गोल कडा. मग लेथवर सोलून काढलं, भोकं पाडली आणि एका अंधाऱ्या खोलीत नेऊन माझी क्ष-किरणांनी तपासणी केली. आत बुडबुडा नाही, भेग नाही. तपासणाऱ्या बाईंनी पडद्याकडे बघत जांभई दिली आणि माझ्यावर शिक्का उमटवला. मी आतून धड आहे हे एवढ्या खात्रीने त्यानंतर बरीच वर्षं कुणी बघितलं नाही.

आम्ही चार भावंडं एकाच गाडीला लागलो. मागच्या दोघांचं आयुष्य जरा सुखात गेलं. पुढच्या उजव्याला रस्त्याचा मधला, गुळगुळीत भाग मिळायचा. माझ्या वाट्याला आली रस्त्याची कड. खड्डे, गटारांची झाकणं, फुटलेल्या बाटल्या, आणि पदपथाचा तो दगडी काठ. गाडी लावताना अंदाज चुकला की खर्रर्र करून माझी कातडी जायची.

पहिले मालक विमा कंपनीत साहेब होते. दर रविवारी बादली घेऊन खाली यायचे आणि जुन्या टूथब्रशने माझा एकेक आरा घासायचे. त्यांची बायको वरून, खिडकीतून म्हणायची, “माझ्या गुडघ्यांची एवढी काळजी केली असती ना, तर मी आज जिने धावत चढले असते!” साहेब हसायचे आणि पुढचा आरा घ्यायचे. मला ओरखडा पडला की त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. माणूस वाईट नव्हता. पण त्यांचं सगळं प्रेम दिसणाऱ्या बाजूवर होतं. माझी आतली बाजू, जिथे ब्रेकची काळी भुकटी साचते, ती त्यांनी एकदाही पाहिली नाही.

एका दुपारी ते गाडी चालवता चालवता फोनवर कुणाला तरी हप्ते समजावत होते. पुढे रस्ता खणून ठेवलेला. कुणीतरी तिथे दोन विटा आणि एक फांदी ठेवून इशारा दिला होता, तो त्यांना दिसला तेव्हा उशीर झाला होता. धाडकन मी त्या खड्ड्यात आपटलो. टायर चेपून पार माझ्या कडेपर्यंत आला. गाडी थांबली. साहेब उतरले, वाकले, मला बाहेरून न्याहाळलं, रुमालाने पुसलं.

“वाचलो बुवा, काही झालं नाही,” असं फोनवर सांगून ते पुन्हा गाडीत बसले.

झालं होतं. पाचव्या आऱ्याच्या मुळाशी, आतल्या अंगाला, केसाएवढी चीर गेली होती. नखाला लागणार नाही इतकी बारीक. पण त्या क्षणापासून माझं स्वास्थ्य हरपलं. गाडीने जरा वेग घेतला की माझ्या अंगात कंप सुटे आणि तो वर स्टिअरिंगपर्यंत जाई. फेऱ्यागणिक ती चीर जराशी उघडायची, जराशी मिटायची. हजारो वेळा, लाखो वेळा. मला ते मोजता येत होतं. कुणाला सांगता मात्र येत नव्हतं.

साहेबांनी गाडी विकायला काढली. त्याआधी आम्हाला रस्त्याच्या कडेच्या एका रंगाऱ्याकडे नेलं. त्याने टायर काढण्याचेही कष्ट घेतले नाहीत. वर्तमानपत्राचे कागद खोचले, ओरखड्यांत लांबीचा लगदा भरला आणि फवाऱ्याच्या डब्याने फुस्स फुस्स करत तासाभरात चौघांना चंदेरी करून टाकलं. माझ्या चिरेवरही एक थर बसला. आम्ही असे चकाकलो की बघणाऱ्याने चष्मा काढून पुसावा. मला मात्र आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ती चकाकी बघून गाडी घेतली एका नर्सने. इस्पितळात सगळे तिला सिस्टर म्हणत, मीही तेच म्हणतो. चाळिशीची, एकटी, बोलायला फटकळ, पण गाडीशी बोलताना तिचा आवाज मऊ व्हायचा. वळणावर “चल बाई, चल,” म्हणून ती डॅशबोर्डवर थोपटायची. तिची आई डोंगरापलीकडच्या गावात राहायची. एक रविवार सोडून एक रविवार सिस्टर घाट चढून आईकडे जायची आणि संध्याकाळच्या आत परतायची.

घाट म्हणजे माझी परीक्षा. उजवीकडे वळताना गाडीचा सगळा भार माझ्यावर यायचा आणि डावीकडे खाली दरी. त्या प्रत्येक वळणाला मी जीव मुठीत धरून असायचो. सिस्टर आत गुणगुणत असायची.

वर्षभरात फवाऱ्याचा रंग फुगायला लागला. त्याखाली पांढरी, भुसभुशीत, बुरशीसारखी झीज सुरू झाली होती. ती माझ्या कडेपर्यंत गेली आणि टायर घट्ट बसेना. हवा हळूहळू गळू लागली. दर तीन दिवसांनी सिस्टर हवा भरायला पंपावर.

तिथला हवा भरणारा एकदा म्हणाला, “सिस्टर, लोकांचं ब्लडप्रेशर तुम्ही बघता आणि तुमच्या चाकाचं मी! हे असं किती दिवस चालायचं?”

“मग काय करू? नवीन चाकं घेण्याइतकी माझी ऐपत नाही.”

“नवीन नकोत. कडा खराब झाल्यात. नीट साफ करून पावडर कोटिंग करून घ्या. स्टिअरिंग हलतं का?”

“ऐंशीच्या पुढे हलतं.”

“मग चाकं सरळही करून घ्या. पण चांगल्या ठिकाणी जा. नुसता रंग मारणारे पुष्कळ आहेत.”

सिस्टरने ते मनावर घेतलं, कारण तिला घाई होती. आईचे डोळे अधू झाले होते, एकटीला राहणं जमेना. पुढच्या रविवारी आईला सामानसुमानासह कायमचं घरी आणायचं ठरलं होतं. म्हणजे भरलेली गाडी, घाट, आणि मी.

ते दुकान म्हणजे पत्र्याची एक लांब शेड होती. दारात काचेची छोटी केबिन, आत भिंतीला टेकून उभी केलेली चाकंच चाकं. मधे रसायनाची टाकी, एका अंगाला वाळूसारख्या बारीक खड्यांचा मारा करायची बंद पेटी, आणि टोकाला भट्टी. मालक साठी ओलांडलेले, हातावर भाजल्याचे जुने डाग असलेले. सगळे त्यांना काका म्हणत. केबिनमध्ये त्यांची सून बसायची. तिचा नवरा बाहेरगावी नोकरीला होता, त्यामुळे हिशेब, फोन, गिऱ्हाइकांची समजूत, सगळं तीच बघायची. काका तिला सूनबाई म्हणत आणि ती त्यांना बाबा.

“चारही चाकांचे किती होतील?” सिस्टरने विचारलं.

“एकाचे साडेतीन हजार. चारांचे चौदा,” सूनबाई म्हणाली.

“चौदा? अहो ताई, समोरच्या गल्लीत हजारात एक करून देतात!”

“देतात ना. ते रंग फासतात. आम्ही आधी टायर उतरवतो, जुना रंग रसायनात सोडवतो, वाकलेलं असेल तर दाबून सरळ करतो, खड्यांच्या माऱ्याने धातू उघडा करतो. मग पावडर, मग भट्टी, मग वरून आणखी एक पारदर्शक थर, परत भट्टी. दोनशे अंशांवर भाजून निघतं चाक. नुसत्या गॅसचं बिल बघितलंत तर तुम्हीच मला पाणी विचाराल.”

सिस्टरला हसू आलं. मग ती काकांकडे वळली. “काका, एवढे देऊन रंग उडणार नाही ना?”

“उडवणारच की! आधी जुना सगळा उडवायचा,” काका ठासून म्हणाले.

सिस्टर खळखळून हसली. म्हातारा मिश्कील आहे, असं तिला वाटलं. सूनबाई हसली नाही. तिने मान खाली घालून पावतीवर तारीख टाकली. मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

रंग ठरवायला सिस्टरने तिथूनच आईला फोन लावला. पलीकडून मोठा आवाज आला, “पांढरा-बिंढरा घेऊ नकोस. मळखाऊ घे काहीतरी! आणि मला लोणच्याच्या बरण्या मांडीवर घेऊन बसायचंय, गाडीला हिसके बसता कामा नयेत, सांग त्यांना.” गडद राखाडी रंग ठरला. सिस्टरने अर्धे पैसे दिले. दुकानातली चार साधी लोखंडी चाकं तात्पुरती गाडीला चढवली गेली आणि आमची गाडी आम्हाला टाकून निघून गेली. गाडीशिवाय मी पहिल्यांदाच राहात होतो. पाय नसलेल्या माणसाला चालल्याची स्वप्नं पडतात म्हणे. माझं तसंच होत होतं.

दुसऱ्या दिवशी टाकीतून काढल्यावर आम्ही चौघं नागडे झालो. चंदेरी थर गेला, लांबी गेली, सगळे जुने घाव उघडे पडले. मला वाटलं, आता दिसेल. पण चीर इतकी बारीक आणि इतकी आत होती, की धातूच्याच रंगात मिसळून गेली.

काकांची एक जुनी रीत होती. पुढच्या कामाआधी ते प्रत्येक चाक मधल्या भोकातून आकड्याला टांगायचे आणि लाकडी हातोडीने वाजवायचे. धड चाक घंटेसारखं वाजतं. चिरलेलं बद्द वाजतं. तडा गेलेल्या मडक्यासारखं.

माझं पहिलं भावंड वाजलं. टण्ण्ण! तो नाद शेडभर फिरला. काकांनी खडूने बरोबरची खूण केली. दुसरं वाजलं, तिसरं वाजलं. बरोबर, बरोबर.

मग मला टांगलं.

खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनाचे दोन तुकडे झाले. आवाज बद्द आला तर सिस्टर वाचेल, तिची आई वाचेल. पण मग मी गाडीला परत लागणार नाही, रस्ता संपला, फिरणं संपलं. आणि चांगला वाजलो, निदान चांगला वाजल्यासारखा वाटलो, तर नवा राखाडी रंग, नवा टायर, पुन्हा वारा. मला फिरायचं होतं हो. मी लबाडी करू शकलो असतो तर केली असती की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

पण धातूला लबाडी येत नाही. हातोडी बसली आणि मी वाजलो. बद्द.

काकांनी मान डोलावली. खडू उचलला. माझ्यावर बरोबरची खूण केली.

मी चक्रावून गेलो. केबिनच्या काचेआड सूनबाईचं पेन थांबलं होतं. तिने ऐकलं होतं. ती काकांच्या पाठीकडे बघत राहिली, उठली मात्र नाही. तेव्हा मला कालच्या विनोदाचा अर्थ कळला. तो विनोद नव्हताच. चाळीस वर्षं कॉम्प्रेसर आणि खड्यांच्या माऱ्याशेजारी उभं राहून काकांचे कान गेले होते. ते माणसांच्या ओठांवरून बोलणं ओळखत. चाकांना कुठले ओठ!

घरात हे माहीत होतं. महिन्याभरापूर्वी मुलाने नुसतं म्हटलं होतं, “बाबा, कान दाखवून घेऊ या,” तर काका दोन दिवस जेवले नव्हते. हे मी सूनबाईच्या तोंडून ऐकलं, ती नवऱ्याशी फोनवर हलक्या आवाजात बोलत होती. “आता कसं सांगू? त्यांचा सगळा मान त्या हातोडीत आहे... हो रे, कळतंय मला. पण तू इथे नाहीस ना, मला तोंड द्यायचंय.”

इकडे काका एकेका भावंडाला उचलून त्या बंद पेटीत खड्यांच्या माऱ्याखाली धरत होते. पहिलं झालं. दुसरं झालं. त्या माऱ्याने धातू ठेचला जातो, वरची चीर दाबून मिटते. एकदा मी त्या पेटीत गेलो की मग कुणाला दिसणार नाही आणि कुणी वाजवणारही नाही. तिसरं भावंड आत गेलं. मी रांगेत पुढचा. माझ्यावर ती पांढरी खूण, खोटी नव्हे, पण खरीही नव्हे.

काकांनी मला उचललं. पेटीचं झाकण उघडलं.

“बाबा!” सूनबाईने येऊन त्यांचा दंड धरला. “हे परत एकदा वाजवा.”

“वाजवलंय की. खूण दिसत नाही का?”

“परत वाजवा ना. माझ्यासाठी.”

कपाळाला आठ्या घालत त्यांनी मला टांगलं आणि हातोडी मारली. बद्द. त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “छान आहे,” ते म्हणाले. पण यावेळी त्यांचा आवाज जरा खाली होता.

सूनबाईने हातोडी त्यांच्या हातातून घेतली. तिने एक भावंड आणून शेजारच्या आकड्याला टांगलं, काकांचा उजवा हात धरला आणि तळवा त्याच्या कडेवर अलगद टेकवला. मग तिने स्वतः हातोडी मारली. तो थरथराट काकांच्या तळव्यातून मनगटात गेला असणार, कारण ते तसेच उभे राहिले, बराच वेळ, तो विरेपर्यंत. नंतर तिने तोच हात माझ्यावर ठेवला आणि मारली.

माझ्यातून काहीच गेलं नाही. एक धक्का, आणि शांत.

“परत,” काका म्हणाले. तिने परत मारली.

“परत.”

तिसऱ्यांदा त्यांनी हात काढून घेतला. खडूची खूण बाहीने पुसली. कपाटातून चीर शोधायचं लाल औषध आणलं, माझ्या आऱ्यांच्या मुळांशी लावलं, थोड्या वेळाने पुसून काढलं आणि त्यावर पांढरी भुकटी फवारली. आम्ही तिघंही वाट बघत होतो. पाचव्या आऱ्याच्या मुळाशी पांढऱ्यावर हळूहळू लाल रेघ उमटली. करंगळीएवढी लांब. एवढी वाढली होती हे मलाही माहीत नव्हतं.

काका स्टुलावर बसले. “कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“जुनी असेल चीर, बाबा.”

“चिरेचं नाही विचारत.”

सूनबाईने त्यांच्यासमोर उकिडवं बसून, ओठ दिसतील असं सावकाश सांगितलं, “आठ महिने झाले असतील. मला तेव्हाच कळलं.”

“आठ महिने,” काका म्हणाले. “आठ महिन्यांत किती चाकं गेली गं माझ्या हातून?”

ते रागावले नाहीत, रडले नाहीत. सुनेने दिलेला चहा तसाच गार झाला. त्यांची नजर सारखी भिंतीकडच्या चाकांवरून फिरत होती. अस्वस्थता काय असते हे मला वाटायचं मलाच ठाऊक आहे. त्या दुपारी ती मी माणसाच्या डोळ्यांत पाहिली.

दुसऱ्या दिवशी सिस्टरला बोलावलं. चाक बदलावं लागेल, आपल्याकडे याच जातीचं एक जुनं पण धड चाक आहे, त्याचे सहा हजार पडतील, असं सूनबाईने सांगितलं मात्र, सिस्टरचा पारा चढला.

“परवा चौदा, आज वीस! उद्या म्हणाल इंजिन बदला. मला काय बावळट समजता?”

“तसं नाही हो ताई...”

“वेल्डिंग करून द्या ना. समोरचे करतात. रंगाखाली कुणाला दिसणार आहे?”

“मी करणार नाही,” काका म्हणाले. सूनबाईने त्यांना काही सांगितलं नव्हतं, त्यांनी ते सिस्टरच्या ओठांवरूनच टिपलं होतं. “कडेला चीर असती तर विचार केला असता. आऱ्याच्या मुळाशी नाही. तुमचे पैसे परत घ्या, चाकं घेऊन जा, पण हे मी गाडीला लागू देणार नाही.”

“चाक माझं आहे, काका!”

“हो. आणि मान तुमची आहे. तीही एकच आहे.”

सिस्टर तावातावाने माझ्याकडे आली, मला उचलायलाच. मग तिला ती लाल रेघ दिसली. ती थबकली.  तिने पर्समधून चष्मा काढला, वाकून रेघेवरून नजर फिरवली, जशी ती एखाद्या एक्स-रेवरून फिरवत असेल.

“असं हाड असलं ना,” ती पुटपुटली, “तर आम्ही पेशंटला पाय टेकू देत नाही.” मग एकदम तिच्या लक्षात आलं. “म्हणजे मागच्या रविवारी मी घाटात... आईला दवाखान्यात दाखवायला आणलं होतं मी. ती पुढे बसली होती. याच बाजूला.”

 काकांनी तिला पाणी दिलं.

“तुम्हाला कळलं कसं?” तिने विचारलं. “काही दिसत तर नव्हतं.”

सूनबाईने काकांकडे पाहिलं. ते सांगायला मोकळे होते आणि न सांगायलाही.

“मला नाही कळलं,” काका म्हणाले. “माझे कान गेलेत. माझ्या सुनेला कळलं. मी तर बरोबरची खूण करून मोकळा झालो होतो.”

सूनबाईने तोंड फिरवलं आणि उगाचच टेबलावरच्या पावत्या सारख्या केल्या.

चौथ्या चाकाच्या कोटिंगचे पैसे काकांनी घेतले नाहीत. बाकीचे सिस्टरने कुरकुर न करता दिले. शनिवारी माझी तीन भावंडं आणि तो परका, चौघंही सारख्या राखाडी रंगात गाडीला चढले. कोण जुनं, कोण नवं, ओळखू येत नव्हतं. मला मत्सर वाटला, लपवत नाही. गाडी दारातून वळली तेव्हा मी भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या जागी तो परका फिरत होता, आणि फिरता फिरता उन्हात चमकत होता. सोमवारी सिस्टरचा फोन आला. आई पोचली. बरण्या शाबूत. एकही हिसका नाही.

त्याच आठवड्यात काका कानाच्या डॉक्टरकडे गेले. कानामागे यंत्र लावून आले तेव्हा कॉम्प्रेसर सुरू होताच दचकून त्यांनी कान झाकले. “हे एवढं बोंबलतं?” ते म्हणाले. “चाळीस वर्षं हे माझ्या शेजारी बोंबलत होतं?”

पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. आठ महिन्यांच्या पावत्या काढायला लावल्या. सूनबाई केबिनमध्ये नसताना कोणाची चाकं त्यांनी एकट्याने वाजवली, त्यांची यादी केली. एकतीस गिऱ्हाइकं. सूनबाई एकेकाला फोन करू लागली. “चाकं फुकट तपासून देतो, कधी येताय?” कुणी आनंदाने आलं. कुणाला संशय आला की यात काहीतरी गोम आहे. एकाने विचारलं, “तपासायला फुकट, मग परत बसवायला किती?” एकाने दुकानाची बदनामी करीन म्हणून दम दिला. काका म्हणाले, “करू दे, पण ये म्हणावं.” टायर उतरवायचे, वाजवायचे, लाल औषध लावायचं, परत चढवायचे. दहा दिवस दुसरं काम झालं नाही. भट्टी थंड होती. नवऱ्याने फोनवर नुकसान किती झालं ते विचारलं, तेव्हा सूनबाई म्हणाली, “ते मी तुला सांगणार नाही, तू झोपणार नाहीस.”

एका चाकात चीर निघाली. आतल्या कडेला, जरा कमी धोक्याची. काका त्या दिवशी जेवले नाहीत. पण यावेळी रुसून नव्हे.

काल भंगारवाला आला. चेपलेल्या कडा, लोखंडी तुकडे, सगळं त्याने काट्यावर घातलं. मला बघितल्यावर त्याचे डोळे लकाकले.

“हे किलोवर कशाला घालता, काका? अख्खं द्या. तिप्पट देतो.”

“कशाला हवंय?”

“घेणारे आहेत ना. थोडं भरायचं, रंग मारायचा. नव्यासारखं.”

सूनबाईने काकांकडे पाहिलं. दहा दिवसांचं बुडालेलं काम तिच्या डोळ्यांसमोर असणार. काका आत गेले, कटिंग मशीन घेऊन आले आणि कानामागचं यंत्र काढून त्यांनी सुनेच्या हातात दिलं.

“जरा मागे हो,” ते म्हणाले.

मला आधी भीती वाटली. मग पातं लागलं, ठिणग्यांचा फवारा उडाला, आणि विश्वास ठेवा अगर ठेवू नका, ज्या क्षणी ते त्या चिरेतून आरपार गेलं, त्या क्षणी माझ्या अंगातला इतक्या वर्षांचा कंप थांबला. काकांनी मला मधोमध कापलं. दोन चंद्रकोरी जमिनीवर पडल्या आणि नुसत्याच डुगडुगल्या. आता मला कुणी रंगवू शकत नाही, विकू शकत नाही, कुणाच्या आईला पुढच्या सीटवर बसवून घाटात नेऊ शकत नाही.

“आता घाल किलोवर,” काका म्हणाले.

तर मी असा, दोन तुकड्यांत, पोत्यात बसून तुमच्याशी बोलतोय. टेम्पो बाहेर उभा आहे. पुढे भट्टी, मग पुन्हा धातू, पुन्हा काहीतरी. काय होईन ठाऊक नाही. पातेलं झालो तरी चालेल, फक्त एका जागी फार दिवस ठेवू नका मला.

चाकांना रंग द्या, जरूर द्या. चार पैसे जास्त लागले तर ते कशाचे लागतात हे विचारा आणि रंगाआधी चाक वाजवून घ्या. एवढंच सांगून मी निरोप घेतला असता. पण मला अजून चैन पडत नाही. एकतीसपैकी अठ्ठावीसजण येऊन गेले. तिघांनी फोन उचललेला नाही. सूनबाई केबिनमध्ये आत्ताही नंबर फिरवते आहे, तिच्या खुर्चीमागे काका उभे आहेत, आणि पलीकडे नुसती रिंग जाते आहे. अनोळखी नंबर बघून तुम्ही तो उचलत नसाल. जाहिरातवाले असतील, असं म्हणत असाल.

तुम्ही त्या तिघांपैकी असाल, तर गाडी बाजूला घ्या. फोन उचला.